पर्वेडच्या कार्डाची मागची बाजू

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत पीकाकांना सगळे घाबरून असत असं मी लिहिलं तर ते धादांत खोटं होईल. त्यांना कुणीच घाबरत नसे. धास्ती होती ती त्यांच्या खिडकीची. बाहेर बोचरा वारा असो की धूळ, पीकाका आले की आधी टेबलामागची खिडकी सताड उघडत, ती मिटू नये म्हणून खाली लाकडाची पाचर ठोकत आणि मगच अंगातला कोट काढत. मी तपासनीस म्हणून लागले त्या पहिल्याच आठवड्यात माझी अकरा कार्डं त्या खिडकीतून उडून खालच्या रंगाच्या दुकानाच्या पत्र्यावर पडली. ती काठीनं ओढून काढताना मी काकांना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

आमचा कोश इंग्रजीतून आपल्या भाषेत येणारा. एकेका अक्षराला एकेक माणूस नेमलेला. 'पी' हे अक्षर दिसायला साधं, पण आत शिरलं की संपता संपत नाही. काकांची त्यात बावीस वर्षं गेली, म्हणून ते पीकाका. नवी माणसं ह्या नावावरून एकमेकांना डोळे मिचकावत, पण काका चहापलीकडे काही घेत नसत, आणि तोही पार निवल्यावर.

एका शब्दाला एक जाड कार्ड, पोस्टकार्डाएवढं. पुढच्या बाजूला चार चौकटी: शब्द, अर्थ, उगम, वापर. वापर म्हणजे तो शब्द असलेलं एक खरं वाक्य, कुणीतरी खरोखर लिहिलेलं, आणि त्याखाली ते कुठून घेतलं ते आणि तारीख. मागच्या बाजूला त्या वाक्याच्या आधीचा मजकूर आणि नंतरचा मजकूर. ही मागची बाजू म्हणजे आमच्या मुख्य संपादकांचा जीव की प्राण. त्यांना आम्ही थोरले म्हणत असू. "मधलंच वाक्य उचलून आणलंत तर ते पोरकं होतं," ते म्हणत. "त्याच्या आधी कोण होतं, मागून कोण आलं, ते लिहा." आणि दुसरं, दिवसातून एकदा तरी, "वाक्य सापडायला हवं, सुचायला नको." स्वतः रचलेलं एक जरी वाक्य कुणाच्या कार्डावर निघालं, तर त्या माणसाची झाडून सगळी कार्डं पुन्हा तपासायची आणि त्याचं नाव खंडाच्या पहिल्या पानावरून काढायचं, असा नियम होता. तो वापरायची वेळ कधी आली नव्हती.

काकांचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं. म्हणून त्यांची कच्ची कार्डं पेटीतून घरी जात आणि त्यांच्या ताई ती सुवाच्य अक्षरात उतरवून देत. ताई त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दोघांनीही लग्न केलं नाही. दोन खोल्यांच्या घरात दोघं भावंडं एकमेकांना सांभाळून राहत. ताईंचं अक्षर इतकं देखणं की थोरल्यांनीही ह्या प्रकाराकडे काणाडोळा केला. अट एकच, पेटीतल्या सगळ्या कार्डांवर एकाच हाताचं अक्षर हवं. काका तपासून झालेल्या कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करत, टोकाला जरा जास्तच वर ओढलेली, आणि मग पेटी माझ्याकडे येई.

खिडकीचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही मी भांडायला गेले म्हणून.

"काका, मला सर्दी झालीय. खिडकी लावा, नाहीतर मी तुमच्या कार्डांवर शिंकेन."

त्यांनी खिडकी दोन बोटं आत ओढली. मग कुणी घराचा पत्ता सांगावा तशा आवाजात म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो तेव्हा घरात घटसर्प आला. मीच आणला, शाळेतून. मी वाचलो, आई गेली. प्रत्येक दारात, जंतू मरावेत म्हणून, कार्बोलिकच्या औषधात बुडवलेल्या ओल्या चादरी टांगल्या होत्या. बंद खोलीत मला अजून तो वास येतो."

"तुम्ही आणला हे कुणी सांगितलं?"

"आत्यानं. सगळ्यांसमोर. खरंच होतं ते, आधी मीच आजारी पडलो."

"आणि ताई काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणणार? अकरा वर्षांची पोर. तिला काहीच झालं नव्हतं."

साठीला टेकलेल्या माणसाच्या तोंडून 'मीच आणला' ऐकताना मला त्या कधीच मरून गेलेल्या आत्याचा असा संताप आला की काय सांगू. लहान मुलाच्या डोक्यावर असं ओझं ठेवतात का कुणी? पण काकांनी ते ओझं कधी खाली ठेवलंच नाही. त्यांना त्याची सवय झाली होती. खिडकीबद्दल मी पुन्हा ब्र काढला नाही, आणि माझ्या कार्डांवर ठेवायला एक दगड घेऊन आले.

'पी'चा खंड छापायला जायला महिना उरला असताना काकांच्या शेवटच्या पेट्यांपैकी एक माझ्याकडे आली आणि तिच्यात पर्वेड (pervade) ह्या इंग्रजी क्रियापदाचं कार्ड होतं. ह्या एका शब्दावर कचेरीत तीन वर्षांपूर्वी दोन दिवस काथ्याकूट झाला होता, तो मला चांगला आठवत होता. पसरणं म्हणावं तर सांडलेलं दूधही पसरतं, आणि पर्वेड दुधाला चालत नाही. त्याला वास लागतो, शांतता लागते, भीती लागते. जे हातात धरता येत नाही आणि तरी कानाकोपऱ्यात पोचतं, असं काहीतरी. दरवळणं म्हणावं तर आपल्याकडे फक्त चांगला वास दरवळतो. व्यापणं फार मोठं, आभाळाच्या मापाचं. शेवटी काकांनी भिनणं घेतलं, कारण जे भिनतं ते बाहेर काढता येत नाही.

उगमाच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं: लॅटिन, 'पर' म्हणजे आरपार आणि 'वादेरे' म्हणजे जाणं. इन्व्हेड आणि इव्हेड ही ह्याचीच भावंडं, एक आत घुसणारं आणि एक निसटणारं. जुन्या इंग्रजी वापरात पर्वेडचा अर्थ एखाद्या जागेतून आरपार जाणं असाही होता. तेव्हा काका आम्हाला म्हणाले होते, "बघा, म्हणजे मुळात हा शब्द पसरण्याचा नाहीच. कुणीतरी घरातून चालत जातंय." आम्ही हसलो होतो. काका हसले नव्हते.

वापराच्या चौकटीत ताईंच्या रेखीव अक्षरात एक इंग्रजी वाक्य होतं. इथे ते आपल्या भाषेत देते: कार्बोलिकचा वास खोलीमागून खोली करत घरभर भिनत गेला, जणू तो कुणाला तरी शोधत होता. त्याखाली, एका परिचारिकेचं खासगी पत्र, आणि तारीख. मी वाक्य दोनदा वाचलं. मग कार्ड उलटलं. मागची बाजू कोरी होती, कोपऱ्यात तांबडी खूणही नव्हती.

बावीस वर्षांत काकांच्या एकाही कार्डाची मागची बाजू कोरी नव्हती. मी उठून त्यांच्या टेबलाशी गेले.

"काका, हे पत्र कुठंय? मागचं राहिलंय."

त्यांनी कार्डाकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "पत्र नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे हरवलं?"

"नव्हतंच. वासाचं वाक्य मिळत नव्हतं. वर्तमानपत्रात नुसता भ्रष्टाचार भिनलेला. एके दिवशी दुपारी हे वाक्य डोक्यात आलं. सबंध, स्वल्पविरामासकट. मला वाटलं कुठंतरी वाचलंय, सापडेल. म्हणून लिहून ठेवलं. तीन वर्षं शोधतोय, तपासनीसबाई. नाही सापडलं. मीच रचलं असणार."

"आणि तारीख? तारीखही रचलीत?"

"ती आईची आहे. ती गेली तो दिवस. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून तेव्हा घरी येणारी नर्स आठवली ती लिहिली, आणि हाताला सवयीची होती ती तारीख पडली."

माझं डोकंच फिरलं. एका वाक्यापायी चाळीस हजारांवर कार्डं! मी त्यांना असं काही बोलले की त्याची आजही लाज वाटते. शेवटी मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत मी हे कार्ड पाहिलंच नाही असं समजते. शोधा. जुनी पत्रं, डायऱ्या आणून द्या म्हणून आपण जाहिरात दिलीच आहे, कुणी काही आणून टाकेल. नाहीतर शुक्रवारी मला थोरल्यांकडे जावं लागेल." हे मी सोमवारी सकाळी बोलले.

इथून पुढचं मी जसं घडलं तसं लिहिते आहे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तापट माणसाला त्यासाठी लागणारा धीरच नसतो.

त्याच दिवशी दुपारी जिन्यात कार्बोलिकचा वास आला. जुन्या दवाखान्यात येतो तसा, नाकातून थेट घशात उतरणारा. मी जिना झाडणाऱ्या मावशींना गाठलं.

"मावशी, लादीला नवीन काय लावलंत?"

"पाणी लावलं बाई, आणि माझे हात लावले. दुसरं काय देता तुम्ही मला लावायला?" मावशींनाही वास येत होता. त्यांना वाटत होतं आमच्याकडेच कुणी काहीतरी सांडलंय.

मंगळवारी वास पुढच्या खोलीत होता, जिथे बाहेरचे लोक येऊन बसतात. बुधवारी पुस्तकांच्या खोलीत. आणि माझ्या अंगावर काटा आला तो वास आला म्हणून नव्हे. बुधवारी मी मुद्दाम परत जाऊन पाहिलं, तर जिन्यात तो नव्हता, पुढच्या खोलीत नव्हता. पसरलेला वास मागे थोडा तरी रेंगाळतो. हा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होता आणि आधीची खोली स्वच्छ करून जात होता. गुरुवारी तो आमच्या खणांच्या बोळात आला, जिथे भिंतीभर कार्डांचे लाकडी खण आहेत. मी 'ए'पासून वास घेत चालत गेले. 'एम'ला नव्हता, 'एन'ला नव्हता. 'पी'च्या पहिल्या खणापाशी असा झोंबला की डोळ्यांतून पाणी आलं.

काकांची खिडकी त्या आठवड्यात दिवसभर उघडी होती. ते पुस्तकांमागून पुस्तकं उपसत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग दिवसेंदिवस उतरत होता. मी एकदाच विचारलं, "तुम्हाला येतोय का?"

"मला कायमच येतो," ते म्हणाले. "ह्या वेळी तुम्हालाही येतोय, एवढाच फरक."

शुक्रवारी सकाळी वास त्यांच्या टेबलाशी पोचला. आणि साडेअकराच्या सुमाराला एक बाई बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या. जाहिरात वाचून आल्या होत्या. डब्यात त्यांच्या आजीला आलेली पत्रं होती, आजीच्या बहिणीची. ती बहीण घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी नर्स होती. दोघी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढल्या, म्हणून एकमेकींना इंग्रजीतच लिहायच्या. "कपाटावर पडून होता," बाई म्हणाल्या. "सोमवारी साफसफाई करताना खाली काढला आणि तेव्हापासून घरात राहवेना. काय ते बघा आणि नको ते परत द्या."

मी डबा उघडला. त्याला कसलाच वास नव्हता, जुन्या कागदाचासुद्धा नाही. तारखेप्रमाणे लावलेली पत्रं चाळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. काकांच्या आईची तारीख होती. दुसऱ्या परिच्छेदात ते वाक्य होतं, शब्दाला शब्द, स्वल्पविराम त्याच जागी.

मला नाचावंसं वाटलं. पुढचंमागचं काही न वाचता मी पत्र घेऊन पळत सुटले. "काका, सापडलं! तुम्ही रचलं नव्हतं! हे घ्या!"

काकांनी पत्र खिडकीच्या उजेडात धरलं. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. त्या वाक्यापाशी ते थांबले, मग पुढे गेले. तिथे फार वेळ थांबले. मग त्यांनी पत्राची जुन्या खुणांवरच परत घडी केली आणि ते माझ्या हातात दिलं.

"तुम्ही पुढचं वाचलंत?"

"नाही. आता तुम्ही उतरवून काढा म्हणजे..."

"हे पत्र त्या बाईंना परत द्या. ह्यातलं काही नको. वाक्य मी रचलं होतं, थोरल्यांना मी तसंच सांगणार आहे."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? पत्र हातात आहे!"

ते उठले, कोट घातला, जसं काही बाहेरगावी निघालेत, आणि थोरल्यांच्या खोलीत गेले. दार लागलं. मी तिथंच उभी राहून पत्र उघडलं. वाक्याच्या आधी होतं: आज दुपारी चार वाजता मुलांची आई गेली. मग ते वाक्य. आणि त्यानंतर: घरातले सगळे धाकट्याला दोष देतात, पण आजार आधी मुलीला झाला होता; तिच्या घशातला घटसर्पाचा वाळलेला पडदा मी पाहिला. तिनं ते कुणाला सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.

मी खुर्चीत बसले. काकांची खुर्ची होती ती.

थोरल्यांच्या खोलीतून काका बाहेर आले तेव्हा मी त्यांना बोळात अडवलं. "मागची बाजू मी लिहिते," मी हळू आवाजात म्हटलं. "ताईंना दाखवायचीच नाही."

"सबंध पेटीत एकच कार्ड दुसऱ्या हाताचं असेल, तर ती तेच आधी वाचेल," काका म्हणाले. "छापायला जाण्याआधी पेटी शेवटची तिच्याच हातून जाते ना."

"पण पन्नास वर्षं तुम्ही विनाकारण... तुमच्या नावाला बट्टा लागेल, काका."

"लागू दे. मला सवय आहे, तिला नाहीये." एवढं बोलून ते थोडं हसले. "ती अकरा वर्षांची होती हो. घाबरली असेल."

मी मूग गिळून बसले. आजवर मी केलेली ती सगळ्यात अवघड गोष्ट. काकांचं नाव खंडावरून गेलं. पर्वेडचं कार्ड रद्द झालं, ते त्यांनी मागून घेतलं आणि घरी नेलं. आम्ही तिघांनी त्यांची सगळी कार्डं पुन्हा तपासायला घेतली. चौदा महिने लागले. प्रत्येक वाक्य सापडलं, प्रत्येक तारीख जुळली, प्रत्येक मागची बाजू मुळाबरहुकूम होती. एकही खोटं कार्ड निघालं नाही. ज्या दिवशी शेवटचा खण बंद केला त्या दिवशी मी हे त्यांना सांगायला जाणार होते, आणि सकाळीच निरोप आला की पीकाका गेले. हृदय दुबळं झालं होतं, तीन महिने अंथरुणावर होते.

चार दिवसांनी मी त्यांचं टेबलातलं सामान घेऊन घरी गेले: चष्म्याचं घर, तांबड्या पेन्सिली, खिडकीची पाचर. ताईंनी दार उघडलं. बारीक, ताठ, केस मागे घट्ट बांधलेले. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या आणि लिहायचं मेज. आतल्या खोलीच्या दारात चादर टांगलेली होती, काठापासून काठापर्यंत ओली. तिच्या खालच्या टोकातून थेंब थेंब पाणी परातीत पडत होतं. शेजारी तपकिरी बाटली उघडी होती, कार्बोलिकची.

"डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या दुखण्याला ह्याचा काही उपयोग नाही," ताई म्हणाल्या, मी पाहतेय हे बघून. "मला माहीत आहे. पण तो झोपला की माझे हात आपोआप चादर भिजवायला जायचे. काल काढून ठेवणार होते, आज पुन्हा भिजवली. बसा."

मी सांगितलं की त्यांची सगळी कार्डं खरी निघाली. ताईंनी मान हलवली, त्यात नवल काय असं. मग त्यांनी मेजाच्या खणातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "हे तुमचं राहिलंय. खणात घालून टाका."

ते पर्वेडचं कार्ड होतं. मी उलटलं.

मागची बाजू भरलेली होती. त्याच रेखीव अक्षरात, इंग्रजीत. आज दुपारी चार वाजता मुलांची आई गेली. आणि खाली, घरातले सगळे धाकट्याला दोष देतात, इथपासून मीही सांगणार नाही, इथपर्यंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ते पत्र मी त्याच शुक्रवारी त्या बाईंना परत दिलं होतं. ह्या घरात ते कधीच आलं नव्हतं.

"ताई, तुम्हाला हे... काकांनी सांगितलं?"

"तो काय सांगणार? तो तर हे कार्ड माझ्यापासून लपवत होता." ताई चादरीकडे पाहत बोलत होत्या. "नर्सबाईंनी पत्र टपालपेटीत टाकायला माझ्याजवळ दिलं होतं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. मी दोन दिवस ते झग्याच्या खिशात घेऊन फिरले. शाळेत नुकतंच इंग्रजी वाचायला लागले होते, बोट ठेवून ठेवून वाचायचे. पाठ झालं. मग त्याच्या अंथरुणाशी बसून मोठ्यानं म्हणायचे. त्याला ताप होता, आणि इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मला कुणाला तरी सांगायचं होतं हो. जो ऐकेल पण ज्याला कळणार नाही, असा तोच एक होता."

परातीत थेंब पडत होते.

"आणि मग तो मोठा होऊन इंग्रजीच शिकत बसला," त्या म्हणाल्या. "जन्मभर. चार वर्षांपूर्वी हे कार्ड त्यानं माझ्यासमोर उतरवायला ठेवलं तेव्हा माझ्या हातातलं पेन गळून पडलं. मला वाटलं आता विचारील. मी वाक्य उतरवलं आणि मागची बाजू कोरी ठेवली. त्यानं विचारलं नाही. तो म्हणायचा मी आणला, मी आणला, आणि मी एकदाही त्याला नाही म्हटलं नाही. फार वाईट वागले मी."

"मग हे केव्हा लिहिलंत?"

त्यांनी कार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. आमच्या रिवाजाप्रमाणे तिथे तारीख होती. काका गेले त्याच्या आदल्या दिवसाची. "दुपारी लिहिलं. त्याच्या उशाशी ठेवलं आणि चहा करायला गेले. परत आले तर त्यानं पेन्सिल मागून घेतली."

तेव्हा मला कोपऱ्यातली खूण दिसली. तांबड्या पेन्सिलीची, वाकडी झालेली, पण टोकाला जरा जास्तच वर ओढलेली. बरोबरची खूण.

"काही बोलले?"

"एवढंच म्हणाला, ताई, खिडकी लाव आता, वास गेला."

मी कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि उठले. दारातून निघताना मला त्या ओल्या चादरीला अगदी चाटून जावं लागलं. बाटली उघडी, परात भरत आलेली, चादरीतून कार्बोलिक निथळत होतं. मी मुद्दाम थांबून खोल श्वास घेतला. कसलाच वास आला नाही.

"तुम्हालाही येत नाही ना?" ताईंनी मागून विचारलं. मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघींनी मिळून ती चादर काढली, पिळली आणि गॅलरीत वाळत घातली.